रोह्याच्या मैदानावरच्या तीन उड्या

आमच्या गावात मुलांना उडी मारायला कुणी शिकवत नसे. शिकवत ते काठी धरायला. उडी आपोआप यायची.

गाव पेणच्या खाली, खाडीच्या अंगाला. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि या सगळ्यातून खाडीच्या पाण्याचे चर गेलेले. भरतीला हे चर तुडुंब, ओहोटीला नुसता चिखल. त्या चिखलात पाय घातला तर मांडीपर्यंत आत, आणि चप्पल गेली ती गेलीच. लांबच्या बांधावरून वळसा घालून जायचं तर अर्धा तास मोडणार. म्हणून बायामाणसं बांबूची लांब काठी घेऊन निघायची. काठीच्या बुडाला लाकडाची चकती ठोकलेली असे, चिखलात रुतू नये म्हणून. दोन पावलं पळायचं, चरात काठी टेकायची आणि पलीकडच्या बांधावर उतरायचं.

खरं कसब त्याच्या पुढचं. पाय टेकायच्या आत मनगटाला झोला द्यायचा आणि काठी चिखलातून उपटून आपल्याबरोबर ओढून घ्यायची. काठी तिथंच राहिली तर परत येणार कशावरून? भरती काही आपल्यासाठी थांबत नाही. माझी आई या कामात गावात एक नंबर होती. डोक्यावर चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, पाटी असली तरी ती अशी पलीकडं जायची, की पाटीतल्या चिंबोऱ्यांनाही कळू नये. मी सहा वर्षांची झाल्यावर तिनं मला लहानसा चर दाखवला, हातात काठी दिली आणि म्हणाली, "पडलीस तरी चालंल. चिखल धुता येतो. पन काठी सोडायची नाय. समजली काय गो?"

मी पहिल्याच उडीला तोंडावर आपटले, दातात चिखल गेला. पण काठी हातात होती. आईनं मला उठवायच्या आधी काठीकडं पाहिलं आणि मान डोलावली. मला तेव्हा रागच आला होता. आपल्यापेक्षा बांबूची किंमत जास्त, असं वाटलं.

पंचाण्णव साली मी पेणच्या शाळेत नववीला होते. आमचे पी.टी.चे सर घाटावरचे. खाडी पाहिली की त्यांना मळमळायचं, सुकट भाजल्याचा वास आला की ते नाकाला रुमाल लावायचे, पण खेळाच्या बाबतीत माणूस वेडा होता. मुलांच्या बांबू उडीवर त्यांचा जीव. मैदानाच्या कोपऱ्यात त्यांनी दोन खांब रोवले होते, त्यांच्यावर आडवी दांडी, आणि पलीकडं पेंढा भरलेली गोणपाटं. मुलं धावत यायची, बांबू खड्ड्यात टेकायची आणि बहुतेक वेळा बांबूला लटकून अलीकडंच परत यायची. आम्ही मुली लंगडीच्या रांगेत उभ्या राहून खिदळायचो.

एके दिवशी सर वैतागले. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "फार हसू येतंय ना? ये, तू मारून दाखव."

मी ओढणी कमरेला बांधली आणि गेले. बांबू आमच्या काठीपेक्षा जड होता, पण खड्डा पक्का, चिखल नाही, भरती नाही. मला ते इतकं सोपं वाटलं की हसू आलं. दांडीच्या वरून मी हातभर अंतर राखून गेले आणि गोणपाटांवर दोन पायांवर उतरले. मग खण्णकन आवाज आला. मी सवयीनं बांबू ओढून घेतला होता आणि त्यानं दांडी खाली आणली होती.

सर धावत आले. "अगं, बांबू का ओढलास? सोडून द्यायचा! वर गेलं की मागं ढकलायचा."

"मग परत येताना, सर?" मी विचारलं.

सरांना माझा प्रश्न कळायला दोन दिवस लागले. कळला तेव्हा ते एकटेच पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मला सकाळी साडेसहाला मैदानावर बोलावलं.

माझं घोडं तिथंच पेंड खात होतं. उंची होती, ताकद होती, भीती नव्हती. बांबू सुटत नव्हता. सरांनी नाना उपाय केले. म्हणाले, वर गेलीस की टाळी वाजव, म्हणजे हात मोकळे करावेच लागतील. मी टाळी वाजवली, बांबू काखेत धरून. मग त्यांनी बांबूला खोबरेल तेल चोपडलं. निसरड्या काठीला आणखी घट्ट धरायचं असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी!" मला वाईट वाटायचं. पण डोकं सांगायचं ते हाताला ऐकूच जायचं नाही. दिवाळीपर्यंत दहातल्या चार वेळा हात सुटायला लागला. सरांना तेवढंही सोन्यासारखं वाटलं. तोवर माझं पाहून सातवीतल्या चौघी मुलीही आखूड बांबू घेऊन उड्या मारायला लागल्या होत्या.

अडचण एकच होती. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत मुलींसाठी बांबू उडी नव्हतीच. नुसत्या जिल्ह्यात नव्हे, सर म्हणायचे, जगाच्या मोठ्या स्पर्धांतही बायकांना अजून हा खेळ खेळू देत नाहीत. मला ते खरं वाटायचं नाही. आमच्या गावातल्या अर्ध्या बायका रोज खेळत होत्या.

त्या वर्षी स्पर्धा रोह्याला होत्या. सर मुलांबरोबर मलाही घेऊन गेले. नागोठण्यामार्गे एस.टी., आणि बांबू टपावर दोरीनं बांधलेले. घरून निघताना आईनं मला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली. मी सरांना देऊ केली तर ते खिडकीकडं तोंड करून बसले.

रोह्याच्या मैदानावर मुलांची स्पर्धा संपेपर्यंत दुपार झाली. मग सर पंचांकडं गेले. पंच म्हणजे पांढरी टोपी घातलेले, थकलेले, पण बोलायला सरळ गृहस्थ. सरांनी त्यांना किती विनवलं असेल कोण जाणे. मी लांबून नुसतं बघत होते. परत आले तेव्हा सरांचे कान लाल झाले होते.

"तीन उड्या देतायत," ते म्हणाले. "दांडी दोन मीटरवर. तीनपैकी एकदा जरी दांडी न पाडता गेलीस, तर पुढच्या वर्षीपासून मुलींची स्पर्धा ठेवा, असं ते स्वतः कमिटीत मांडणार. आणि नाही गेलीस तर मी हा विषय पुन्हा काढायचा नाही, असा शब्द दिलाय मी."

दोन मीटर म्हणजे मला काहीच नव्हतं. सरांनाही ते माहीत होतं. म्हणून तर त्यांनी शब्द दिला होता.

पहिली उडी. मी धावले, बांबू टेकला, वर गेले. दांडी माझ्या पोटाखाली इतकी खाली होती की वर असतानाच मला वाटलं, झालं! उतरले तेव्हा बांबू हातात होता आणि दांडी वाळूत. लोक हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता. मजा वाटली त्यांना. लाल निशाण वर गेलं.

दुसऱ्या वेळी सर खांबाजवळ उभे राहून ओरडले, "सोड! सोड!" मला ते स्पष्ट ऐकू आलं. वर असताना मी स्वतःही मनात 'सोड' म्हटलं. पण मनगटानं आपला झोला दिलाच. पुन्हा खण्णकन. या वेळी लोक हसले नाहीत.

तिसऱ्या उडीच्या आधी सर जवळ आले. ओरडले नाहीत. रुमालानं माझे तळहात पुसले आणि म्हणाले, "हे बघ, इथं पाणी नाही. कुठंही परत जायचं नाही. मी इकडं उभा आहे, बांबू मी धरतो."

मी मान हलवली. धावले. वर गेले. आणि या वेळी वरचा हात खरंच सुटला. बोटं उघडी झालेली मला दिसली. खालचा हात मात्र दोन बोटांनी बांबूला लटकून राहिला, अगदी क्षणभर. बांबू वाकडा झाला आणि दांडीला टेकला. मी वाळूत पाठीवर पडून वर बघत होते. दांडी थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली. आणि मग सावकाश एका बाजूनं उतरली.

पंच सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, पोरगी चांगली आहे. पण राहू द्या आता." सर मोजायची फीत गुंडाळत बसले. परतीच्या एस.टी.त त्यांनी माझ्याकडची भाकरी मागून घेतली आणि चटणीसकट खाल्ली. मला तेव्हा फार रडू आलं. ते मला एक शब्दही बोलले नाहीत म्हणून जास्तच.

संध्याकाळी घरी पोचले तर आई बांधावर वाट बघत उभी होती. लांबूनच तिनं विचारलं, "गेलीस काय गो वरून?"

"गेले," मी म्हटलं.

"किती येला?"

"तिन्ही येला."

यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी ते खोटंच होतं. आईला दांडीचा नियम ठाऊक नव्हता. पलीकडं गेली म्हणजे जिंकली, एवढाच तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी मिठागरावरच्या सगळ्या बायकांना कळलं, की आमची पोर रोह्याला जाऊन पोरग्यांच्या खेळात तीनदा वरून गेली. एकीनं मला नारळ दिला. मी तो घेतला. आजही त्या नारळाची आठवण आली की कानशिलं तापतात.

पुढच्या वर्षी मुलींची स्पर्धा झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. सरांनी शब्द पाळला, विषय काढला नाही. सातवीतल्या चौघी एकेक करून पुन्हा लंगडीच्या रांगेत गेल्या. त्यांच्यातली एक फार छान सोडायची बांबू. मला ती समोर दिसली की मी रस्ता बदलायचे.

आणि एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही. त्या सगळ्या वर्षांत माझा राग आईवर होता. तिनं शिकवलं म्हणून माझा हात असा झाला, असं मला वाटायचं. ती रात्रंदिवस राबायची, मला शिकवायची तिला हौस, आणि मी मनात तिच्यावर धुमसत होते. तोंडावर काही नाही. तिनं काठी पुढं केली तर मी म्हणायचे, मी वळसा घालून येते. तिला वाटायचं, पोर शिकली, आता चिखलाची लाज वाटते.

नव्व्याण्णव साली, गणपतीच्या दोनेक आठवडे आधी, सर मला पेणच्या बाजारात भेटले. मी तेव्हा हमरापूरला मूर्ती रंगवायला जात असे. हातांना गुलाबी रंग, केसांत खडूची धूळ. सरांनी मला भर रस्त्यात थांबवलं. "अगं, ऐकलंस का? जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बायकांची बांबू उडी घेतली. पहिल्यांदा! रविवारी दुपारी टीव्हीवर पुन्हा दाखवणार आहेत." त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू मीच तिथं जाऊन आले होते.

आमच्या गावात केबल नव्हती. रोह्याला मावशीकडं होती. काका तिथं कंपनीत कामाला, रंगीत टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. मी कारखान्यात हातापाया पडून रविवारची सुट्टी मागितली. एकटीच जाणार होते. पण आईनं शेजारणीकडून ऐकलं आणि ठेवणीतलं लुगडं काढलं. "तुझा खेळ हाय," ती म्हणाली. "तू येवढी रोह्याला जाऊन आलीस तवा मी नव्हते. आता तरी बघू दे."

एस.टी.त ती खिडकीशी बसून शेजारच्या बाईला माझ्या तीन उड्या सांगत होती. आज दोन तासांत तिला सगळं कळणार, हे मला दिसत होतं, आणि बस थांबवता येत नव्हती.

मावशीनं आम्हाला पाटावर बसवलं. टीव्हीवर मोठं मैदान, भरलेली माणसं, आणि एकेक बाई हातात काठी घेऊन उभी. आई आधी गादीच बघत राहिली. "आये, केवढी गादी गो! आख्खं गाव झोपंल." मग काठी वाकली तेव्हा ती ओरडली, "मोडली!" मोडली नव्हती. काठीनं त्या बाईला वर फेकलं, बाई उलटी झाली, पाय आभाळाकडं, आणि दांडीवरून मासोळीसारखी वळून गेली. काठी मागं पडली.

"सुटली गो तिची," आई हळहळली. "येवढं करून."

दुसरी आली. तिचीही काठी मागं पडली. आई पाटावर पुढं सरकली. तिसरीनं तर काठी मागं ढकललेली स्पष्ट दिसली, आणि खाली पडल्यावर ती बाई आनंदानं गादीवर नाचली. चौथीची काठी पुढं कलली, दांडीला लागली, दांडी पडली. लाल निशाण वर गेलं. ती बाई गादीवर तोंड झाकून बसली.

आईनं मान माझ्याकडं वळवली नाही. पण मला कळलं, की ती आता टीव्ही बघत नव्हती. कार्यक्रम संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. साबणाच्या जाहिराती लागल्या, मावशी चहा टाकायला आत गेली.

"तुझी दांडी पडलेली," आई म्हणाली.

"व्हय."

"तिन्ही येला?"

"व्हय."

"मास्तर सोड बोललेला?"

"रोज बोलायचे."

मला वाटलं, खोटं बोललीस म्हणून ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी चार वर्षं मनात साठवलेलं तिच्या तोंडावर फेकलं असतं.

"तू तीन म्हयन्यांची होतीस," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "तुला टोपलीत घालून बांधावर ठेवलेली, झाडाखाली. म्हटलं, पलीकडं चिंबोऱ्या हायत, दोन उड्यांत जाते नि येते. गेले. काठी चिखलानं धरली, वढली, आली नाय. हातातून सुटली माझ्या. तवर भरती लागली. मला पवता येत नाय, तुला ठाव हाय. वळशाचा बांध तवा फुटलेला. तू ह्या बांधावर, मी त्या बांधावर. दुपारची येल, बांधावर कोन नाय. तू भुकेनं रडायला लागलीस. पानी उतरंपरेंत आयकत उभी होते मी. मधीच तू रडायची थांबलीस. ते रडन्यापरीस वाईट व्हतं."

मी तिच्याकडं बघत राहिले. ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती. बाबांनाही सांगितली नसावी.

"म्हनून शिकवली तसली," ती म्हणाली. "दुसरं येत नव्हतं मला."

मी पाटावरून सरकून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि एकोणीस वर्षांची घोडी असून हमसाहमशी रडले. ठेवणीतल्या लुगड्यावर माझ्या केसांतली खडूची धूळ लागली. आईनं ती झटकली नाही.

मावशी चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. एकदा माझ्याकडं, एकदा टीव्हीकडं बघून तिनं विचारलं, "काय झालं गो? कोन हरली?"

"कोन नाय," आई म्हणाली. "तू चाय दे."